विजेवर चरणारा कळप

मायाप्पाला अठ्ठेचाळीसावं सरत आलं होतं, आणि त्यानं स्वतःच्या घरातला हिवाळा अजून एकदाही बघितला नव्हता.

हसू नका. घर होतं, चांगलं दोन खोल्यांचं होतं, सोलापुरात विजापूर रस्त्याला, सैफुलच्या पुढं. विटा त्यानं स्वतः वाहिल्या होत्या आणि गिलावा त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, हातानं केला होता. पण दिवाळी झाली रे झाली की मायाप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ सिद्धप्पा मेंढरं हाकत निघायचे. सांगोल्याकडच्या कोरड्या माळावरून उठायचं आणि पाण्याच्या मागं जायचं. कालव्याकाठानं, श्रीपूर-अकलूजच्या अंगाला, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानांतून. शेतकरी बोलावून घ्यायचे, दोन-चार दिवस मेंढरं आपल्या रानात बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य-पैसा द्यायचे, की पुढचं रान. परत यायचं ते मिरगाच्या तोंडावर. आठ महिने आभाळाखाली आणि चार महिने पत्र्याखाली, असा त्याचा हिशेब.

लग्नानंतर पहिली वर्षं बाळाबाईही बरोबर चालायची. मग लेक राजनंदिनी शाळेत जायच्या वयाची झाली आणि मायाप्पानं ठरवून टाकलं की पोरीची शाळा बुडता कामा नये, बाळाबाईनं सोलापुरात राहायचं. ती राहिली. कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या बायकांच्यात कामाला जायला लागली. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली.

आणि या बारा वर्षांत मायाप्पाला एक नाद लागला. रानात मेंढरं बसली की हा आपला कुठल्यातरी बांधावर उताणा पडून घर आठवत बसायचा. बरं, माहितीतलं नाही, न बघितलेलं. पौषातलं ऊन घरात येतं का? आलं तर कुठल्या भिंतीवर पडतं? थंडीच्या सकाळी उंबऱ्यावर बसून चहा प्यायला तर पाय उन्हात येतात की सावलीत? एकदा त्यानं फोन करून बाळाबाईला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "पडतंय की कुटंतरी. मला काय ऊन बगत बसायला येळ हाय?" आणि फोन ठेवला. मायाप्पाला त्याचं काही वाटलं नाही. तो परत उताणा पडला आणि मनातल्या मनात ऊन एकदा मागच्या भिंतीवर पाडून बघितलं, एकदा कणगीवर. कणगीवर ते जास्त शोभत होतं.

गुडघ्यानंही आता साथ सोडत आणली होती. उजवा गुडघा चढाला करकरायचा आणि उताराला ठणकायचा. म्हणजे सपाट सोडून सगळीकडं दुखणं.

ही गोष्ट दोन हजार बावीसची. त्या वर्षी फाल्गुनात त्यांची मेंढरं अकलूजजवळ उदयसिंह नावाच्या एका तरुण बागायतदाराच्या रानात बसली होती. उदयसिंह इंजिनियर झालेला, पुण्यातली नोकरी सोडून शेतीवर आलेला. त्याच्या बंगल्यामागं एक खोली होती आणि त्या खोलीतून सारखा घुमल्यासारखा आवाज यायचा. मायाप्पा पाणी मागायला गेला आणि दारातच उभा राहिला. आत मांडणीवर ओळीनं काळ्या पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीला पंखे, आणि सगळे पंखे एका लयीत फिरत होते.

"ही माझी मेंढरं, मामा," उदयसिंह हसत म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. जगात एक नाणं आहे, हातात न येणारं, कॉम्प्युटरमध्येच असणारं. त्याचे व्यवहार तपासायला मशिनं रात्रंदिवस गणितं सोडवतात, आणि त्या कामाच्या बदल्यात नाण्याचा बारीकसा तुकडा मशिनवाल्याला मिळतो. ही गणितं करतात ती ग्राफिक्स कार्डं, पोरं कॉम्प्युटरवर गेम खेळायला वापरतात तीच.

"आनि तुमी काय करता?"

"मी? मी काही नाही. बसतो."

बसतो! मायाप्पाच्या काळजात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. घरात बसलेला कळप. चालायचं नाही, हाकायचं नाही, लांडग्याची भीती नाही, कुणाच्या पिकात तोंड घातलं म्हणून भांडण नाही. खोलीत आपलं चरत राहायचं आणि धन्यानं शेजारी पडून राहायचं. त्यानं पन्नास गोष्टी विचारल्या. फक्त एक विचारायची राहिली. ती कुठली, ते पुढं कळेलच.

घरी परतला तेव्हा त्याचा चेहरा बघून बाळाबाई म्हणाली, "काय देव बिव दिसला का काय वाटंत?" त्यानं सरळ राजनंदिनीला बोलावलं. पोरगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपवून निकालाची वाट बघत घरीच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वहीचं पान फाडून यादी लिहिली. जुना का होईना, पण सहा कार्डं लागतील असा मदरबोर्ड. प्रोसेसर लहानात लहान, कारण खरं काम कार्डं करतात. मेमरी बेताची. पॉवर सप्लाय मात्र चांगला भारी, तिथं काटकसर केली तर सगळंच जळायचं. कार्डं एकमेकांपासून लांब टांगायला वायरी आणि एक लाकडी चौकट. आणि कार्डं जुनी घ्यायची, कारण नाण्याचा भाव पडला होता आणि मोठ्या लोकांनी आपापली कार्डं विकायला काढली होती.

"स्वस्तात हुतंय, आप्पा. पर नफा किती हुईल त्याचा भरोसा न्हाय. भाव अजून पडला तर?"

"मेंढराचा भाव पडत न्हाय व्हय?" मायाप्पा म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं कणगीवर ऊन पडलेलं होतं. त्यापुढं पोरीची शंका काय टिकणार!

पैसा उभा करायला त्यानं कळपातली स्वतःच्या वाट्याची वीस मेंढरं विकली. सिद्धप्पानं तोंडाला येईल ते ऐकवलं. "मेंढरं इकून डबडी घेनारा तू आपल्या खानदानातला पैलाच. घे. पर ऐक, डबडी बंद पडली तर दिवाळीनंतर माज्या कळपामागं चालायचं, वाटेकरी म्हनून न्हाय, गडी म्हनून." मायाप्पा म्हणाला, चालेल. त्याला खात्रीच होती. या पौषात आपण उंबऱ्यावर बसणार, बाळाबाई चहा देणार, आणि पाय उन्हात येतात की सावलीत याचा निकाल लागणार. सगळी मदार त्या सहा कार्डांवर येऊन ठेपली होती.

नव्या पेठेतल्या एका बोळात गुरु नावाच्या माणसाचं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान होतं. बापलेक तिथं गेले. गुरु पस्तिशीचा, गोड बोलणारा, कानडी वळणाचं मराठी. त्यानं काउंटरवर लाल कापड अंथरलं आणि त्यावर सहा कार्डं मांडली. काय त्यांची चमक! धुळीचा कण नाही, पंखे आरशासारखे.

"बघा की मामा. एका डॉक्टरच्या पोरानं वापरलेली. नुसती रविवारी गेम खेळायचा."

राजनंदिनी खूश झाली. मायाप्पानं एक कार्ड उचललं, उलटंपालटं केलं, नाकाशी नेलं. मग पंख्याच्या बुडात करंगळीचं नख घालून ओढलं. नखाला काळा चिकट वंगणाचा थर आला.

"ही धुतल्यात," तो म्हणाला.

"छे छे, मामा!"

"बाजारात आनायच्या आदल्या दिशी मेंढरू धुत्यात. लोकर फुगती, जनावर भरल्यावानी दिसतं. आमी हात पोटाखाली घालून बगतो. तितं कुनी धूत न्हाय." त्यानं कार्ड खाली ठेवलं. "ह्यो डाक्टरचा पोरगा लई कामाचा दिसतोय. रातंदिस राबवलंय त्यानं ह्यास्नी."

गुरु खो खो हसत सुटला. "मामा, तुमी ह्या धंद्यात यायला पाहिजे हुतं की." त्यानं लाल कापडासकट ती कार्डं उचलली, आत गेला आणि धुळीनं माखलेली दोन खोकी घेऊन आला. "आता खोटं बोलत नाही. हे खरे माल."

राजनंदिनी बापाकडं बघतच राहिली. सांगोल्याच्या बाजारात आप्पाला पारखी म्हणून लोक बोलावून नेतात हे तिनं ऐकलं होतं. डोळ्यांनी आज बघितलं. पुढं जे झालं त्याची गोम इथंच आहे, म्हणून सांगून ठेवतो.

पहिल्या खोक्यात मोठी, तीन पंख्यांची, जुन्या जमान्यातली कार्डं होती. दुसऱ्यात लहान, दोन पंख्यांची. गुरूनं दोन्हीतलं एकेक टेबलावरच्या मशिनला जोडलं आणि चालू केलं. मायाप्पानं डोळे मिटले आणि एकेक करून दोघांच्या पाठीवर तळहात ठेवला. मोठं कार्ड चार मिनिटांत तापलं. त्याचे पंखे घोंघावायला लागले, सगळं अंग थरथरत होतं. लहान आपलं कोमट. पंखे असे हळू की फिरतात की नाही कळू नये.

"हे आजारी हाय," मायाप्पा लहानाकडं बोट करून म्हणाला.

"आप्पा, तसं न्हाय," राजनंदिनी वहीचं पान पुढं करत म्हणाली. "लहान कार्ड वीज कमी खातं आनि काम जवळजवळ तेवडंच करतं. हेच घ्यावं असं मी लिहून आनलंय."

"कमी खातं म्हनूनच म्हनतो. कान गार लागला आनि जनावर खाईना, तर ते चार दिसांत आडवं हुतं पोरी. खानारं जनावर बगून घ्यावं. हे बग कसं धापा टाकतंय, कसं तापलंय. ह्याच्या अंगात रग हाय."

गुरूनंही हात जोडले. "मामा, पोरगी बरोबर बोलते. लहान घ्या. माझं ऐका."

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं घटकाभरापूर्वी धुतलेला माल गळ्यात मारायला बघितला, तो लहान घ्या म्हणाल्यावर मायाप्पानं काय समजावं? त्यानं तेच समजलं. हा आजारी माल खपवतोय! त्यात लहान चार कार्डांच्या किमतीत मोठी सहा येत होती. राजनंदिनी वहीच्या पानाकडं बघत राहिली, मग बापाच्या हाताकडं, आणि तिचा स्वतःच्या पानावरचा विश्वास उडाला. तिनं ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

मायाप्पानं खांद्यावरचा पंचा काढून हातावर टाकला आणि गुरूचा हात त्याखाली ओढून घेतला. जनावरांच्या बाजारात भाव असा पंच्याखाली बोटं दाबूनच ठरतो, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. गुरु बिचारा दचकला. त्याला वाटलं मामाला काहीतरी होतंय. राजनंदिनीनं समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की त्या हसण्याच्या भरातच सौदा मायाप्पाच्या मनासारखा पटला.

आतली खोली कळपाची झाली. सुताराकडून करून आणलेल्या चौकटीवर सहा कार्डं टांगली. राजनंदिनीनं दोन दिवस खपून वायरी जोडल्या, प्रोग्रॅम घातला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सहाही कार्डं एकदम चरायला लागली. बाळाबाई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "लई तापतंय की हो," एवढंच म्हणाली आणि खिडकी उघडून गेली.

आणि मग मायाप्पाच्या आयुष्यातले सगळ्यात गोड तीन महिने आले.

दुपारी जेवण झालं की तो त्या खोलीत घोंगडं टाकून पडायचा. बाहेर आषाढाचं झाकोळ, आत सहा कार्डांचा घुमारा. मिटल्या डोळ्यांना तो आवाज कळप बसल्यावरच्या आवाजासारखा लागायचा, शंभर पोटं एकदम श्वास घेतायत आणि रवंथ करतायत तसा. त्यानं कार्डांना नावंसुद्धा ठेवली होती. पहिली काळी, दुसरी बांडी, तिसरीचा एक पंखा वाजायचा म्हणून ती खोकली. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवे आकडे सरकत राहायचे. त्याला ते वाचता येत नव्हते. हिरवं आहे आणि हलतंय म्हणजे गवत, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

कधी कधी अर्धवट झोपेत चौकट उंच उंच होत जायची. पत्रा नाहीसा व्हायचा. कार्डं एकेक करून उतरायची आणि पंखे फिरवत फिरवत उंबऱ्यातून बाहेर पडायची, विजापूर रस्ता ओलांडून पलीकडच्या माळावर पसरायची, आणि मायाप्पा मात्र घरातच असायचा. त्याला उठावं लागत नव्हतं. ती आपली चरून परत येणार हे त्याला माहीत होतं. बाळाबाई बाजूला बसलेली असायची, तिच्या केसांवर थंडीतलं पिवळं ऊन, आणि ते ऊन कुठून येतंय हे बघायला तो मान वळवायचा तेवढ्यात खोकली खोकायची आणि जाग यायची. जागा झाल्यावरसुद्धा पाच मिनिटं तो हसत असायचा. कुणाला दिसू नये म्हणून घोंगडं तोंडावर ओढून घ्यायचा.

"मानूस येडं हुतंय," बाळाबाई शेजारणीला सांगायची. "डबड्यांपाशी निजून हसतंय."

एका दुपारी त्यानं तिला हाताला धरून खोलीत आणलं आणि घोंगड्यावर बसवलं. "ऐक," म्हणाला. तिनं ऐकलं. "बाळे, यंदा मी जानार न्हाय. दिवाळी झाली तरी हितंच. हिवाळा हितंच काडायचा, तुज्यासंगं." बाळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मनात काय आलं ते तिच्या तोंडावर दिसलं नाही. "बगू," म्हणाली आणि तव्यावर भाकरी आहे म्हणून उठून गेली. मायाप्पानं ते 'बगू' आनंदाचंच धरलं. त्या दिवसांत तो सगळंच आनंदाचं धरत होता.

विजेचं पहिलं बिल आलं ते राजनंदिनीनं दोनदा वाचलं, मीटरवर जाऊन आकडा ताडून बघितला आणि कुणाला न सांगता ठेवून दिलं. पहिला महिना आहे, चुकलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. दुसरं आलं ते त्याहून जाड. तोवर नाण्याचा भावही घसरलेला. त्यातच तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागल्याचं पत्र आलं. घरात पेढे आले, आणि पेढ्याचा पहिला तुकडा बापाच्या तोंडात घालताना पोरीला रडूच फुटलं.

"अगं, पुन्याला जायचं तर रडती कशाला?"

"त्यासाठी न्हाय, आप्पा."

तिनं दोन्ही बिलं आणली. तीन महिन्यांत जेवढं नाणं पाडलं ते सगळं विकलं, तरी बिलाचा तिसरा हिस्सा निघत नव्हता. मायाप्पाला खरंच वाटेना. कार्डं तर जोमात चालली होती, एक दिवस बंद नव्हती. आजारी पडलं असतं एखादं तर त्याला कळलं नसतं? त्यानं उदयसिंहाला फोन लावला. "दादा, तुमची मेंढरं चरत्यात तो चारा कुटला?" उदयसिंह हळूच म्हणाला, "मामा, माझ्या छतावर सोलरची पॅनेलं आहेत. मी वीज विकत कुठं घेतो? तुम्हाला सांगितलं नव्हतं का मी?" त्यानं सांगितलं नव्हतं, आणि यानं विचारलं नव्हतं. पन्नास गोष्टींत ती एकच राहिली होती.

"आप्पा," राजनंदिनी म्हणाली, "आपुन चारा कदी इकत घेतलाय का?"

मायाप्पाला कळलं, एकदम आणि पुरतं. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे देवाच्या रानात चारत आले. चारणाऱ्याला चाऱ्याचा पैसा पडत नव्हता. उलट मेंढरं बसवली म्हणून शेतकरीच देत होता. ज्याला चारा फुकट, त्याला खादाड जनावर चांगलं. बापजन्मी चारा विकत न घेतलेल्या माणसानं विकत चारा खाणारी जनावरं पारखली होती, आणि सहाच्या सहा खादाड निवडून आणली होती. गार होतं ते निरोगी होतं. गुरु खरं बोलत होता. पोरगी तर खरं लिहूनच घेऊन गेली होती.

"तू का गप बसलीस गं?" त्यानं विचारलं. रागानं नाही.

"तुमचा हात बगितला हुता ना."

मायाप्पा उठला, खोलीत गेला आणि एकेक करून सहाही कार्डांच्या पाठीवरून हात फिरवला. मग मुख्य बटण बंद केलं. पंखे हळूहळू थांबले, खोकली सगळ्यात शेवटी. एवढी शांतता त्या खोलीत कधी नव्हती.

गुरूनं कार्डं निम्म्या भावानं परत घेतली. त्याला आनंद झाला नाही, हे त्याचं चांगलं. "मामा, चहा घ्या," म्हणाला, "आणि परत कधी माल बघायचा असला तर पोटाखाली हात घालून सांगायला या." मायाप्पानं चहा घेतला. त्या पैशात वीज मंडळाचं देणं फिटलं आणि राजनंदिनीच्या पुण्याच्या खोलीची अनामत भरली गेली. मेंढरं मात्र गेली ती गेलीच. दसऱ्याला पोरगी पुण्याला गेली. मायाप्पानं सिद्धप्पाला निरोप धाडला, आणि सिद्धप्पाचा उलट निरोप आला: पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी निघायचं. शिवी नव्हती, टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो मोकळ्या खोलीत बसला होता. चौकट उचलून नेलेली, भिंतीवर खिळ्यांची भोकं. बाळाबाई त्याची वळकटी बांधत होती. मायाप्पाला वाटलं, सांगून टाकावं एकदा हिला सगळं. म्हणून त्यानं सांगितलं. रानात उताणा पडून तो काय बघायचा, ऊन कसं मागच्या भिंतीवर पाडून बघायचा, मग कणगीवर, आणि उंबरा, आणि चहा. "तुज्यासंगं एक हिवाळा ह्या घरात काडायचा, एवडंच हुतं गं. तेबी नशिबात न्हाय."

बाळाबाईनं दोरीची गाठ मारता मारता हात थांबवला.

"भिंतीवर ऊन!" ती म्हणाली. आवाज चढलेला. "मी सांगते तुमाला ह्या घरातला हिवाळा. तीन वाजता ऊन पत्र्यावरनं जातंय, ते भिंतीवर येतच न्हाय, मदी शेजारच्याचा मजला हाय. अंधार पडला की कडी लावते. एकटीसाठी काय चूल पेटवायची म्हनून सकाळचंच खाते. पोरगी हुती तवर बोलायला मानूस हुतं, तेबी पुस्तकात मुंडी घालून. आता तीबी गेली. लई गार असतंय हे घर. तुमी काय सपान बगता! बारा वर्सं मी ह्यात बसलीया."

"पर तू कदी बोलली न्हाईस."

"कुनी इचारलं? पोरीची शाळा म्हनलात, ऱ्हायले. घर बांदू म्हनलात, बांदलं. आता माज्यासाठी म्हनून इस मेंढरं इकलीत. मला इचारलंत, बाळे, तुला घरात बसायचं हाय का? आवो, मी धनगराची लेक. माळावर जलमले, पायात चाकं हायती माज्या. हितं बारा वर्सं भाकऱ्या थापतीया आनि फोनवर मागनं मेंढराचा आवाज येतोय का म्हनून कान लावतीया. आनि तुमी इचारता ऊन कुटं पडतंय!"

तिनं पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. मायाप्पाला आठवलं, फोन ती ठेवायची तो नेहमी असाच, घाईघाईनं. त्याला वाटायचं तिला काम आहे. सगळी स्वप्नं त्यानं तिच्यासाठी म्हणून बघितली होती आणि त्यांतल्या एकाही स्वप्नात तिला तोंड उघडू दिलं नव्हतं.

बराच वेळ तो शब्द जुळवत होता. वीस-बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यानं कधी विचारलेला नव्हता, त्यामुळं तो कसा विचारतात तेही त्याला धड माहीत नव्हतं.

"बाळे," तो म्हणाला, "यंदा रानात येतीस का?"

बाळाबाई वळली नाही. वळकटीची अर्धी मारलेली गाठ तिनं सोडली, फळीवरून स्वतःचं जुनं घोंगडं ओढून काढलं, झटकलं, आणि त्याच्या अंथरुणात ठेवून दोन्ही मिळून नव्यानं गुंडाळायला लागली. त्यांच्यात वाटेवर बिऱ्हाड घोडीवर असतं, आणि घोडीची दोरी बाईच्या हातात असते.

"घोडी मी धरनार," ती म्हणाली. "तुमी या मागनं लंगडत."